गरम हाय म्हंजी गळतंय

बबनअण्णा थोरवे आमच्या सोसायटीत होते आणि मी सोसायटीची सेक्रेटरी होते, त्या पावणेतीन वर्षांत सकाळचा चहा मला एकदाही सुखाने प्यायला मिळाला नाही. साडेसहाला मी कप घेऊन गॅलरीत टेकले की दाराची बेल वाजायची. एकदा वाजली की लगेच दुसऱ्यांदा, आणि मग कडीसुद्धा.

“बाई, उठलाय न्हवं?”

उठले नसते तर दार कुणी उघडलं असतं, असं मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी त्याचंही उत्तर दिलं असतं, आणि ते उत्तर माझी शाळेची बस चुकेपर्यंत चाललं असतं.

दारात उभा असलेला माणूस साठी ओलांडलेला, बुटका, पण उभं राहणं कवायतीतलं. अंगात कंपनीचा निळा शर्ट. निवृत्त होऊन वर्षं झाली होती, खिशावरचं कंपनीचं नाव धुऊन धुऊन पुसलं गेलं होतं, पण तसले पाच-सहा शर्ट शिल्लक होते आणि अण्णा तेच आलटून पालटून घालत. कमरेच्या पट्ट्याला चिमट्यासारखा एक मीटर अडकवलेला. तारेभोवती नुसता चिमटा धरला की तारेतून किती करंट जातोय ते त्यात दिसतं. ही माहिती मला नको असताना मिळालेली आहे.

“काल सांच्याला लाईट गेल्ती. पाऊण तास. बॅटरीतून किती उतरलं म्हाईत हाय?”

“नाही, अण्णा.”

“आन आपुन वापारलं किती?”

“तेही नाही.”

“त्या दोन्हीत फरक हाय, बाई. मंग मधलं कुठं गेलं?”

“कुठं गेलं?” हा त्यांचा जन्माचा प्रश्न होता. मी भोसरीच्या एका शाळेत मराठी शिकवते. पहिल्या वार्षिक सभेला मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामुळे गेले नाही, आणि जो हजर नसतो त्याला सेक्रेटरी करतात, एवढंच माझं या पदासाठीचं शिक्षण. विजेतलं मला बटण दाबण्यापलीकडे काही कळत नव्हतं. हे मी अण्णांना शपथेवर सांगितलं होतं. ते म्हणाले, “म्हणूनच तुमाला सांगतो. ज्यांना कळतं त्ये ऐकत न्हाईत.”

आमची सोसायटी चऱ्होलीत, अकरा मजल्यांची. ती ज्या जमिनीवर उभी आहे ती थोरव्यांचीच. बदल्यात त्यांना दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. जमीन दिलेली बाकीची मंडळी पार्किंगमध्ये उभी राहून इथे विहीर होती, तिथे कांदा होता, असं दाखवत बसायची. अण्णांच्या तोंडून मी तसलं कधी ऐकलं नाही. ते तरुणपणी भोसरीतल्या एका पत्र्याचे पार्ट करणाऱ्या कंपनीत इलेक्ट्रिशियन म्हणून लागले, कंपनी चाकणला गेली तेव्हा तिच्याबरोबर चाकणला गेले, आणि मेंटेनन्समध्ये जन्म काढून परत आले. परत आले तेव्हा आमच्या गच्चीवर नुकतेच सोलरचे पॅनेल बसले होते. त्यांच्याच शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये बॅटऱ्या आणि तीन इन्व्हर्टर. अण्णांची सोय झाली आणि आमची गैरसोय.

सगळा व्यवहार असा होता की दिवसा उन्हाने बॅटऱ्या भरायच्या, आणि लाईट गेली की त्यावर लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे चालायचे. सातव्या मजल्यावरच्या मालतीआज्जींना घरी ऑक्सिजनचं मशीन लागायचं, म्हणून त्यांच्या घराची एक लाईनही कमिटीने त्यावर घेतली होती. सोलर बसवून देणाऱ्याने सांगितलं होतं, चार तास आरामात. प्रत्यक्षात दीड तासात लिफ्ट थांबायची. का, याबद्दल प्रत्येकाचं मत होतं. कुणी म्हणे अमक्या मजल्यावरची मुलं उगाच लिफ्टने खेळतात. कुणी म्हणे बॅटऱ्या जुन्याच गळ्यात मारल्या. अण्णा काही म्हणत नसत. ते गच्चीवर जाऊन हात लावून बघत.

हात लावणं ही त्यांची दुसरी खोड. कुठलंही विजेचं कपाट, खोकं, केबल दिसली की वरून पालथा तळहात ठेवायचे, डोळे बारीक करायचे आणि आपलं ठरलेलं वाक्य म्हणायचे, “गरम हाय म्हंजी गळतंय.” त्यांचं म्हणणं असं, की वीज कधी नाहीशी होत नाही. जे कामाला लागलं नाही ते उष्णता होऊन बाहेर पडतं. म्हणून जिथे विनाकारण गरम लागतं तिथे तुमची वीज गळतेय. ऐकायला सोपं आहे. पण हा माणूस गणपतीच्या आरतीत, आम्ही सगळे टाळ्या वाजवत असताना, मखराच्या मागे जाऊन रोषणाईच्या वायरीवर हात ठेवून उभा राहायचा. वाढदिवसाला बोलावलं तर केक सोडून तुमच्या फ्रिजच्या मागे जायचा आणि येऊन यजमानांना भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला लावायचा. त्यांची बायको शांताकाकू एकदा मला म्हणाल्या, “आमच्या लग्नात मंगलाष्टका सुरू झाल्या तरी ह्यांचा पत्त्या न्हाई. बगितलं तर जनरेटरपाशी.” मी विचारलं, असे का आहेत हे? काही घडलं होतं का कंपनीत? काकू म्हणाल्या, “कायबी घडल्यालं न्हाई. कारण इचारू नका. कारण न्हाईच.”

एका रविवारी भर दुपारी त्यांनी मला गच्चीवर नेलं. मला बेचाळीस निबंध तपासायचे होते. “धा मिन्टं” म्हणाले होते. शेडमध्ये जाऊन त्यांनी एकेक खटका खाली पाडला. पॅनेलकडून येणारं बंद, लिफ्ट बंद, पंप बंद, दिवे बंद, आज्जींची लाईन तेवढी बाहेरच्या विजेवर टाकली.

“आता बॅटरीवर कायबी चालू न्हाई. बराबर?”

“बरोबर.”

“हितला आकडा बगा. किती हाय?”

“सत्त्याण्णव टक्के.”

“बसा आता.”

आम्ही पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसलो. मी डोक्यावर ओढणी घेतली. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. अण्णा एक शब्द बोलेनात. खालून तीन जणांचे फोन आले की लिफ्ट का बंद आहे, आणि मी, एक शिकलीसवरलेली बाई, “प्रयोग चालू आहे” असं सांगत होते. दीड तासाने त्यांनी मला पुन्हा आकड्यासमोर उभं केलं. पंचाण्णव झाले होते.

“कुनी खाल्लं?”

मला काय माहीत! त्यांनी तिन्ही इन्व्हर्टरांकडे बोट केलं. “ह्यांनी. बॅटरीतला करंट आपल्या लिफ्टला जसाच्या तसा चालत न्हाई, त्यो बदलून द्यायचं काम ह्यांचं. पण काम नसलं तरी ह्ये जागी असत्यात, आन जागं राहायला बी खात्यात. रातध्याड.”

“अण्णा, हे तुम्ही मला तोंडी सांगितलं असतं तर चाललं नसतं का?”

“तोंडी सगळीच सांगत्यात,” ते म्हणाले आणि खटके वर करायला लागले.

मी चिडले होते, पण घरी येऊन निबंध तपासताना माझ्या लक्षात आलं की आता ही गोष्ट मी कधीच विसरणार नाही. त्याचाही मला रागच आला.

पुढच्या वार्षिक सभेत मात्र त्यांनी कहर केला. सोलर बसवणाऱ्या कंपनीने एक तरुण इंजिनिअर पाठवला होता, टाय लावलेला, लॅपटॉप घेऊन. त्याने पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली आणि सिस्टिम उत्तम चालली आहे असं सिद्ध केलं. चेअरमन कदम टाळ्या वाजवण्याच्या बेतात असताना अण्णा मागच्या रांगेतून उठले. त्यांच्या एका हातात भरलेली बादली आणि दुसऱ्या हातात रिकामी. ही तयारी त्यांनी सभेआधीच दाराशी करून ठेवली होती.

त्यांनी पुढच्या रांगेतल्या पाच जणांना उभं केलं. त्यात मीही. प्रत्येकाला हाताची ओंजळ करायला लावली. त्यानंतर मगने मोजून दहा मग पाणी पहिल्याच्या ओंजळीत थोडं थोडं ओतायचं, त्याने दुसऱ्याच्या ओंजळीत, असं करत पाचव्याने ते रिकाम्या बादलीत सोडायचं. “ह्यो पॅनेल. ह्यो वायर. ह्यो बॅटरी. बाई, तुमी इन्व्हर्टर. ह्यो पुन्यांदा वायर.” माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. शेवटी दुसऱ्या बादलीतलं पाणी मोजलं तर सहा मग भरलं.

“आता ह्या सायबाला इचारा, आपलं च्यार मग कुठं गेलं?”

इंजिनिअर बिचारा सभ्य होता. म्हणाला, “काका, प्रत्येक सिस्टिममध्ये थोडे लॉसेस असतातच.”

“व्हय की! असनारच. न्हाई कोन म्हनतंय? किती आन कुठं, येवढंच इचारतोय.”

त्या मुलाने लॅपटॉपमध्ये पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. उत्तर दोन्हीकडे नव्हतं. हे आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं असतं. पण तेवढ्यात विषय आवरता घ्यायला कदम व्यासपीठावरून उतरले, त्यांचा पाय ओल्या फरशीवर पडला आणि ते सपशेल आडवे झाले. घोट्याला प्लास्टर. चार मगचा प्रश्न तिथेच राहिला आणि सभा कदमांच्या घोट्याभोवती जमली.

त्यानंतर कमिटीने ठराव केला की श्री. थोरवे यांनी गच्चीवरच्या यंत्रणेला हात लावू नये. शेडला कुलूप घालून किल्ली माझ्याकडे दिली. पत्र मी लिहिलं. मराठीची शिक्षिका असल्याने चांगलंच लिहिलं. ‘आपल्या अनाहूत हस्तक्षेपामुळे रहिवाशांच्या शांततेस बाधा पोहोचत असून’ वगैरे. खरं सांगायचं तर ते लिहिताना मला बरं वाटलं. साडेसहाच्या सगळ्या बेला मी त्या एका पानावर वसूल केल्या.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. पत्र त्यांच्या हातात होतं.

“बाई, पत्र झ्याक लिवलंय.”

मी दार जरा आणखी उघडलं.

“पर गरम व्हायचं थांबल्यालं न्हाई. शेडचा पत्रा तापतोय, आत बॅटऱ्या उकडत्यात. आन मधल्या इन्व्हर्टरच्या केबलीचा नट ढिला हाय, तितं हात ठिवावत न्हवता. येवढं बगून घ्या कुनाकडनं तरी. म्या न्हाई हात लावत.” एवढं बोलून ते गेले. मी ते कुणाकडून बघून घेतलं नाही. कंपनीला फोन करायचं मनात होतं. मग शाळा सुरू झाली, मग चाचणी परीक्षा आल्या, आणि खरं कारण असं की त्यांचं ऐकायचा मला कंटाळा आला होता.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, ऑगस्टमधला एक ढगाळ दिवस. शाळेला सुट्टी होती. सोसायटीबाहेरचा रस्ता ड्रेनेजसाठी खणत होते आणि सकाळी दहाला जेसीबीच्या दाताखाली मुख्य केबल तुटली. अख्ख्या भागाची लाईट गेली. आमचं सोलर सुरू झालं, लिफ्ट चालू राहिली, लोक निवांत. सव्वाअकराला मालतीआज्जींच्या मुलीचा, वर्षाचा, मला फोन आला. मशीन चालू होतं, पण जोडीला ठेवलेल्या सिलिंडरमध्ये जेमतेम तासाभराचा ऑक्सिजन होता. नवा सिलिंडर घेऊन निघालेली गाडी भोसरीतच बंद पडली होती आणि दुसरी संध्याकाळशिवाय मिळणार नव्हती. तिने विचारलं, “बाई, बॅटरी किती वेळ चालेल?”

मी सोलरवाल्यांना फोन लावला. “मॅडम, चार तास आरामात,” तिकडून उत्तर आलं. मी किल्ली घेऊन गच्चीवर गेले. दहाला शंभर असलेला आकडा अडतीसवर आला होता. पॅनेलकडून ढगांमुळे नावाला काहीतरी येत होतं. दहाच्या खाली आकडा गेला की बॅटरी आपोआप बंद पडते, हे मला माहीत होतं. कुणामुळे माहीत होतं, ते सांगायला नको.

जिन्यात अण्णा उभे होते. वर आले नाहीत. पत्रात मनाई होती ना.

“किती?” त्यांनी विचारलं.

“अडतीस.”

“लाईट कवा येनार?”

“संध्याकाळ होईल म्हणतात.”

त्यांनी हिशेब केला नाही, निदान मला दिसेल असा नाही. “लिफ्ट आन पंप अर्ध्या पाऊण तासात खाऊन टाकत्यात ह्ये. आज्जींचं मशीन न्हानसं हाय. त्याला येकच इन्व्हर्टर पुरं. बाकीचं दोन बंद केलं तर सांजपातुर जाईल. पर मंग लिफ्ट न्हाई, पानी न्हाई, दिवा न्हाई. आज्जींना दवाखान्यात न्यायचं असंल तर लिफ्ट हाय तवर आत्ताच न्या.”

आम्ही सातव्या मजल्यावर गेलो. आज्जी उशीला टेकून बसल्या होत्या, नाकात नळी. वर्षाने अॅम्ब्युलन्सवाल्यांना फोन केला. रस्ता खणलेला, आळंदीच्या बाजूने वळसा घालून यायला किती वेळ लागेल ते त्यांनाही सांगता येईना. आज्जींनी ते सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “मला कुठं हलवू नका. मागच्या वेळी खाली नेतानाच जीव गेला होता माझा.” वर्षाने अण्णांकडे पाहिलं. “काका, नक्की पुरेल?”

मला वाटलं, आता हा माणूस छातीठोक काहीतरी सांगेल. अण्णा म्हणाले, “नक्की न्हाई सांगत. बॅटऱ्या उन्हात शिजल्यात, आकडा खरा किती त्यो त्यांनाच म्हाईत. पर दुसरं कायबी केलं तर न्हाईच पुरनार, ह्ये नक्की.”

वर्षाने आज्जींची नळी नीट केली. मग म्हणाली, “करा.”

मी किल्ली त्यांच्या हातात दिली.

त्यांनी दोन इन्व्हर्टर बंद केले. मग आणखी एक काम काढलं. आज्जींची लाईन नेमकी मधल्या इन्व्हर्टरवर होती, आणि ढिल्या नटाची केबल त्याचीच. “ही अशी ठिवली तर गरम हून जळंल,” ते म्हणाले. वर्षाला सांगून त्यांनी आज्जींना दहा मिनिटं सिलिंडरवर घ्यायला लावलं, सगळं बंद केलं, रबरी हातमोजे घातले आणि पान्याने नट आवळला. टोक काळं पडलेलं होतं. त्यांनी मला ते दाखवलं नाही. मी आपणहून पाहिलं. मग मशीन पुन्हा सुरू झाल्याचा वर्षाचा फोन आला.

नंतरचे सात तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात कटकटीचे. कदम पायाच्या तपासणीहून परतले आणि खालीच अडकले. त्यांचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. नळ कोरडे पडले. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ तावातावाने वर आले. स्क्रीनवर तीस टक्के दिसत असताना लिफ्ट बंद ठेवायचा या म्हाताऱ्याला कुणी अधिकार दिला, असं ओरडत ते अण्णांना बाजूला सारायला लागले. अण्णा शेडच्या दारात पाय रोवून उभे राहिले, पण बोलले काहीच नाहीत. नको तेव्हा तासभर बोलणारा माणूस, बोलायची वेळ आली तर मुका.

“किल्ली मी दिलीय,” मी म्हणाले. “सातव्यावर जाऊन या आधी. मग बोला.”

ते गृहस्थ गेले. खाली उतरून सातव्यावर खरंच गेले असावेत, कारण पुन्हा वर आले नाहीत. संध्याकाळपर्यंत मी त्यांना पाण्याच्या बादल्या जिन्याने चढवताना पाहिलं.

शांताकाकू सकाळी भाजी आणायला गेल्या होत्या. त्यांचे गुडघे पार गेलेले, दोन मजलेही चढवत नव्हते. त्या दिवसभर पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होत्या, शेजारच्या खुर्चीवर प्लास्टरचा पाय लांब करून कदम. मी मध्ये चहा घेऊन खाली गेले तर काकू म्हणाल्या, “त्यास्नी सांगा, बायकू खाली बसलीया म्हनून.” मी वर जाऊन सांगितलं. अण्णा म्हणाले, “म्हाईत हाय.” आणि पुन्हा आकड्याकडे बघत बसले. सव्वीस. बावीस. एकोणीस झाला तेव्हा त्यांनी मला सांगितलं की आता खाली जा, बघून काय कमी व्हायचं थांबणार आहे. मी गेले नाही.

पावणेसातला लाईट आली. आकडा चौदा होता. ऑक्सिजनची गाडी त्यानंतर वीस मिनिटांनी आली.

लोक गच्चीवर आले. कदम लिफ्टने आले, कुबडी टेकत, आणि त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला. मलाही काहीतरी बोलायचं होतं. अण्णांनी हात सोडवून घेतला आणि म्हणाले, “आज्जींच्या मशीनला लागलं त्याच्यापरीस बॅटरीतून लईच जास्त उतरलंय. वरचं कुठं गेलं?” त्यांनी सगळ्यांना तिथेच थांबवून अर्धा तास समजावलं. खाली काकू अजून खुर्चीतच होत्या. त्यांना घरी पोचवायचं कुणाच्या लक्षात आलं तर कदमांच्या.

नंतर आम्ही सगळं केलं. शेडला वारा खेळेल असं छप्पर, पत्र्यावर उष्णता अडवणारा थर, खालपर्यंत जाड केबल, काम नसताना इन्व्हर्टर झोपवायची सोय. लिफ्ट सव्वातीन तास चालायला लागली. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या सकाळी बेल.

“बाई, आजून गळतंय.”

मी खरोखर हात जोडले. “अण्णा, शून्य करायचंय का तुम्हाला? होतं का शून्य?”

“शून्य कुनाचंच हुत न्हाई.” ते आश्चर्याने माझ्याकडे बघत होते, एवढ्या दिवसांत मला एवढंही कळलं नाही म्हणून. “जातंय त्ये जानारच. पर किती जातंय आन कुठनं, त्ये म्हाईत पायजे. न्हाई तर अडचनीच्या दिशी मानूस आकड्यावर भरवसा ठिवून बसतं.”

मी त्यांना आत बोलावलं, चहा दिला. तोवर एकदाही दिला नव्हता. त्यांनी तो उभ्यानेच प्यायला आणि गच्चीवर गेले.

पुढच्या वर्षी काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि मुलाने दोघांना वाकडला आपल्याकडे नेलं. निरोप वगैरे झाला नाही. टेंपो आला, सामान भरलं, आणि मी शाळेतून आले तेव्हा दुसऱ्या मजल्याला कुलूप होतं. सकाळी साडेसहाला मी गॅलरीत बसून गरम चहा प्यायले. फार आवडला असं म्हणवत नाही.

त्यानंतर एकदाच भेट झाली, वाकडच्या एका मॉलमध्ये. मी भाचीच्या लग्नाची खरेदी करून बाकावर टेकले होते. समोरून एक म्हातारा लहान मुलीचं बोट धरून येत होता. अंगात फुलाफुलांचा टी-शर्ट, सुनेने आणलेला असणार. मी एकदम ओळखलंच नाही. ओळखलं त्यांनीच.

“बाई! हिकडं कुठं?”

बोललो. काकू आता चालतात, गुडघे बरे आहेत. वाकडला बरं आहे. सगळं बरंच आहे. नात त्यांचा हात ओढत होती. मग त्यांनी विचारलं, “सातव्यावरच्या आज्जी बऱ्या हायत न्हवं?”

“गेल्या, अण्णा. दिवाळीनंतर.”

नातीच्या हातातली पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली. मग खाली बघत, अगदी हळू आवाजात विचारलं, “लाईट गेल्ती?”

“नाही, अण्णा. लाईट होती. मशीन चालू होतं. झोपेत गेल्या.”

“चालू हुतं.”

“हो.”

त्यांनी मान हलवली. बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा हलवली. मग “येतो बाई” म्हणाले आणि नातीबरोबर सरकत्या जिन्याकडे गेले. नात पटकन पहिल्या पायरीवर चढली. अण्णा मात्र खालीच थांबले. पायऱ्या एकामागून एक त्यांच्यासमोरून वर जात होत्या आणि त्यांचा पाय उचलत नव्हता. मागे लोक खोळंबले. कुणीतरी “काका, चला ना” म्हणालं. वरून नात ओरडली, “आबा, आता!” आणि त्यांनी डोळे मिटून पाय टाकला. भराभर पायऱ्या उतरून आलेल्या नातीने त्यांचा हात धरला. ती त्यांना काहीतरी सांगत होती आणि ते वाकून ऐकत होते. फुलाफुलांची ती वाकलेली पाठ वरच्या मजल्याच्या कठड्याआड जाईपर्यंत मी बघत राहिले.